आधी चौकशी, मग आधण

ओवा फार उकळू नये, हे मला कुणी शिकवलं नाही. आजीच्या हाताकडे बघता बघता ते कळलं. गोव्यातल्या मांद्र्याच्या आमच्या घरी पोटाच्या तक्रारीवरचा कषाय मागीलदारच्या चुलीवर व्हायचा. आधण आलं की ठेचलेलं आलं, भाजून भरड कुटलेले धणे-जिरे, दोन-चार मिऱ्या. पाणी आटून निम्म्यावर आलं की गवती चहाची पात गाठ मारून आत सोडायची, चिमूटभर ओवा तळहातावर चोळून टाकायचा आणि तपेली लगेच खाली उतरवून झाकायची. ओव्यातलं थायमॉल नि पातीतलं सिट्राल वाफेबरोबर उडून जातं, हे मी पुढे वाचलं. आजी म्हणायची, वास घरभर गेला तर पेल्यात काय उरणार? गोडाला माडाचा काळा गूळ. पात आणायची ती न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलेल्या ठोंबातून. घाई केली की पातीची धार बोट कापायची.

पण चूल पेटण्याआधी चौकशी असे. "खंय दुखता तुका? सकाळीं कितें खाल्लें?" दुखणं बेंबीभोवती की वर छातीखाली, ढेकर आंबट येतात का, परसाकडे कितीदा जाऊन आलीस. या उत्तरांवर पेला ठरे. वारा धरला असेल तर ओवा जास्त. पित्त असेल तर आलं-मिरी बंद; नुसतं धणे-जिऱ्याचं पाणी, नाहीतर भिजवलेल्या सोलांचं. जुलाब असतील तर कषाय नाहीच, उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ, मीठ घालून. आणि ताप चढला, रक्त पडलं किंवा पोटाला हात लावू देईनासं झालं, तर ती चुलीकडे फिरकतही नसे. माणूस थेट डॉक्टरकडे. औषध कुठे संपतं हे तिला ठाऊक होतं, आणि माझ्या मते तीच तिची खरी विद्या.

माझी लेक जन्मली तेव्हा आजी चांगलीच थकली होती. चवथीच्या माटोळीला रानफळांसोबत टांगतात ती पिळाची मुरडशेंग तिने बाळघुटीसाठी जपून ठेवली होती, सहाणही धुऊन ठेवली होती. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. आजीने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि सहाण आपल्या हाताने फडताळात परत ठेवली. घरात दुसरं कुणी हे केलं असतं तर तिने ऐकलं नसतं.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला. इथल्या औषधी द्रव्यांवरचं त्याचं पुस्तक 1563 साली गोव्यातच छापलं गेलं. ते मी उघडलं ते आजीच्या कषायातलं आलं नि मिरी यांच्यासाठी. थांबले मात्र मोडशीच्या प्रकरणापाशी. ओकाऱ्या-जुलाबांच्या त्या जीवघेण्या दुखण्यावर इथले वैद्य मिरी-जिरं घातलेलं तांदळाचं पाणी देतात, असं त्यात नोंदलेलं आहे. आमच्या घरची पेजच ती! मांद्रे ज्यात येतं ते पेडणं तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हतं, ते 1788 साली गेलं. पण मधल्या शापोरा नदीच्या दोन्ही तीरांवर पेज तीच. अंगातून गेलेलं पाणी नि मीठ परत घालणं हा जुलाबावरचा पहिला उपाय आजही तसाच आहे. त्याहून मला आवडलं ते असं, की अख्खं पुस्तकच प्रश्नोत्तरांचं आहे: एक विचारतो, दुसरा सांगतो.

आता आश्व्याच्या किनाऱ्यावरच्या कॅफेत गवती चहा-आल्याचा हर्बल टी मिळतो. योग आटोपून आलेली परदेशी मंडळी तो आवडीने पितात. चांगला असतो, मीही घेते, आणि परसातल्या पातीला मान मिळाल्याचा आनंद होतो. फक्त तिथे प्रत्येकाला तोच कप येतो. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी काही विचारायला हवं, ते तिथे होत नाही. ते कॅफेचं कामही नव्हे. ते घरातल्या कुणीतरी करायचं असतं, आणि पाकिटातली पूड घरात आली तशी ती विचारणारी माणसं आपण घालवत चाललो आहोत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लेक पुण्याला नोकरीला आहे. मध्ये तिचा फोन आला, "आई, ओवा किती घालू? पोट दुखतंय."

"कुठे?"

"सकाळी बेंबीपाशी होतं. आता उजवीकडे, खाली."

"दाबून सोडल्यावर?"

"जास्त दुखतं. आणि अंगही गरम लागतंय."

"गॅस बंद कर. मैत्रिणीला घेऊन रिक्षाने हॉस्पिटलला जा. आणि वाटेत काही पिऊ नकोस, पाणीसुद्धा."

अपेंडिक्स होतं. रात्रीच ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी खायला परवानगी दिल्यावर मी तिच्या खोलीतल्या छोट्या शेगडीवर पेज शिजवली, आणि जिरं घालण्याआधी तिला विचारून घेतलं.