बंड्याचा पट्टा



मुलगा-सून सहा महिन्यांसाठी बंगळूरला गेले आणि त्यांचा पग, बंड्या, आमच्याकडे राहिला. नऊ किलोचा जीव, पण फाटकाबाहेर पडला की बैलासारखा ओढायचा. गळ्यातून खर्रखर्र आवाज यायचा. मला वाटायचं, पग असेच घोरतात.

एका सकाळी मांजर दिसलं. त्याने झेप घेतली, मी चिडून पट्टा हिसडला. बंड्या मटकन खाली बसला. डोळे बाहेर आलेले, जीभ जांभळट. थोड्या वेळात सावरला, पण माझे हात थरथरत होते. पाणी गाळून पिणारी मी! अहिंसाव्रताचे पाच अतिचार पाठ आहेत, त्यात पहिलाच ‘बंध’. तो मला कायम गोठ्यातल्या दाव्याचा वाटत आला होता.

डॉक्टरांनी समजावलं. या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या नाकपुड्या बहुधा अरुंद असतात आणि टाळूचा मागचा मऊ भाग लांब, घशात लोंबणारा. आधीच श्वास अपुरा, त्यात आपण गळा आवळतो. डोळ्यांच्या खोबणीही उथळ, त्यामुळे गळ्यावरचा दाब डोळ्यांना जाचतो. गळपट्टा बंद करून छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस आणला. तो ओढायला लागला की अंग आपोआप आपल्याकडे वळतं. काखेत काचू नये, आत दोन बोटं जावीत, एवढं बघायचं.

बाकी काम आपलं. त्याने ओढलं की जागच्या जागी थांबायचं. बोलायचं नाही, ओढायचं नाही. दोरी सैल झाली की लगेच ‘शाब्बास’, एक तुकडा, आणि पुढे. डॉक्टर म्हणाले गाजर द्या. आमच्या घरात कंदमूळ कुठलं? काकडी चालली, बिया काढलेलं सफरचंदही. बी.कॉम.ची सवय, म्हणून वहीत हिशेब ठेवला: पहिल्या दिवशी दूध केंद्रापर्यंत 31 वेळा थांबले, तिसऱ्या आठवड्यात 6 वेळा. शेजारच्या काकू विचारायच्या, “गुडघे दुखतात का हो?”

उन्हात मात्र अजिबात नेत नाही. कुत्री मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतात आणि याला तेच नीट जमत नाही. सातच्या आत घरी.

मांजर दिसलं की अजून ओढतो. मग मी वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवते आणि मांजर जाईपर्यंत दोघं थांबतो.

परवा सुनेचा फोन आला. “आई, तो चामड्याचा गळपट्टा जपून ठेवा हं, महागाचा आहे.” चामड्याचा! हे मला आजवर कळलंच नव्हतं. बिल्ला तेवढा काढून ठेवलाय.