लखनौस येणाऱ्या पाहुण्यांस

आमच्या बहुतेक पाहुण्यांच्या लेखी लखनौ हे गावच नव्हे. अयोध्या व काशी यांच्या वाटेवरील ती गाडी बदलण्याची जागा आहे. मामा-मावश्या, साडू, कचेरीतले जुने सोबती असे कोणी ना कोणी आमच्याकडे उतरतात आणि दुपारपर्यंत जेवढे दिसेल तेवढे दाखवा, म्हणतात. मध्यवर्ती सरकारच्या चाकरीत बदलीने येथे आलेल्या आम्हां कारकुनाचा अधिकार तो केवढा! तरीही यजमानपणाच्या अनुभवावर चार गोष्टी सांगण्याची मुभा आम्ही मागतो.

पहिली गोष्ट, दोन दिवस राखून यावे आणि ते हिवाळ्यात. मात्र पौषातल्या धुक्यात गाड्या तासन् तास उशिरा धावतात. तेव्हा पुढचे आरक्षण अगदी लागून करू नये. ज्येष्ठात लू वाहते. मलिहाबादच्या दशहरी आंब्याचा मोह अनावर असेल त्यानेच ती सोसावी. तिकिटावरील स्थानकाचे नावही नीट वाचावे. चारबागेत लखनौ आणि लखनौ जंक्शन ही दोन स्थानके शेजारी-शेजारी आहेत. गोमतीनगर मात्र नदीपलीकडे, बरेच दूर. २०१९ पासून विमानतळ, चारबाग, हजरतगंज अशी मेट्रो धावते, पण जुन्या चौकापर्यंत ती अद्याप पोहोचलेली नाही. तेथे ई-रिक्षाच बरी. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे.

बडा इमामबाडा सकाळी पाहावा. हे धर्मस्थान आहे. दालनात जोडे काढून, अंगभर वस्त्रांनी जावे. मोहरमच्या दिवसांत प्रवेशाची चौकशी आधी करावी. भुलभुलैयात वाटाड्या घेण्यात कमीपणा मानू नये. सुमारे ५० मीटर लांबीचे ते दालन एकाही तुळईवाचून उभे आहे. ते पाहून पाहुणे हटकून विचारतात, नवाबाने यावर किती उधळले? त्यांस आम्ही सांगतो की आसफउद्दौल्याने हे काम १७८४ च्या दुष्काळात, उपाशी रयतेच्या हातांना मजुरी मिळावी म्हणून काढले. खानदानी माणसांची ओळख पटू नये यासाठी त्यांना रात्रीच्या अंधारात काम देत, अशी आख्यायिका आहे. १९७२ च्या दुष्काळात ज्यांच्या आईबापांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले, त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये.

खाण्याची चंगळ चौकात. मांसाहारी मंडळींस १९०५ पासूनचे टुंडे कबाबी ठाऊक असतेच. शाकाहाऱ्यांनी सकाळी खस्ता कचोरी खावी, आणि थंडीत मिळणारी फेसासारखी मक्खन मलाई चुकवू नये. चिकनचे कापड घेताना ते उलटून पाहावे. खरी कसोटी मागच्या टाक्यांत असते. भाव करावा, पण त्यालाही हद्द असावी. घरी बसून डोळे शिणविणाऱ्या बाईच्या पदरी त्या किमतीतले मुळातच थोडे पडते.

दुसऱ्या दिवशी दोन परक्यांच्या दारी जावे. क्लोद मार्तें हा फ्रान्समधील ल्यों शहरी १७३५ मध्ये जन्मला. कंपनीच्या आणि नवाबाच्या चाकरीत त्याने अलोट पैसा केला, आणि १८०० मध्ये तो येथेच निवर्तला. त्याच्या मृत्युपत्रातून लखनौ, कलकत्ता आणि ल्यों या तिन्ही शहरांत ला मार्टिनियर शाळा निघाल्या. येथील शाळा त्याच्याच प्रासादात भरते आणि तळघरात त्याची कबर आहे. ही चालती शाळा असल्याने परवानगीवाचून आत जाऊ नये. लेकी-सुनांच्या निमित्ताने कोणी फ्रान्सला जाणार असेल, तर त्याने ल्योंची शाळाही पाहावी. लखनौचा धागा तेथवर गेलेला आहे.

दुसरे आपले पंडित विष्णु नारायण भातखंडे. मुंबईची वकिली सोडून संगीताच्या मागे लागलेल्या या गृहस्थांच्या प्रयत्नाने १९२६ मध्ये येथे संगीताचे महाविद्यालय निघाले. आज कैसरबागेत ते त्यांच्याच नावाने विद्यापीठ म्हणून उभे आहे. रस्त्यावरून जाताना तंबोऱ्याचा सूर कानी पडला की आमचे पाहुणे प्रथमच थांबतात. आपला माणूस येथे काय ठेवून गेला, हे त्यांना तेव्हा उमगते.

आम्हां बदलीच्या माणसांना या प्रश्नातून सुटका नाही. आम्ही येथला पगार खातो, येथले पाणी पितो, मुले येथली भाषा घेऊन वाढतात. आणि बदलीचा हुकूम आला की सामान बांधून निघतो. शाळा काढण्याजोगी आमची ऐपत नाही, गळ्यात सूरही नाही. पण आपल्या माणसांच्या मनातील ‘ऐषारामी नवाबांचे गाव’ हे चित्र पुसून तेथे दुष्काळातल्या मजुराचे आणि सुई चालविणाऱ्या बाईचे चित्र ठेवता येईल. एवढे आम्हांस साधले, तर या शहराचे देणे अंशतः तरी फिटले असे आम्ही समजू. म्हणून येणाऱ्या मंडळींनी रजेचा अर्ज लिहितानाच त्यात दोन दिवस जास्त मागावे, एवढीच विनंती.