धोट्यांच्या गावात

ग्वाटेमालाच्या डोंगरात, आतित्लान सरोवराच्या काठी माया लोकांची गावं आहेत. तिथल्या बायका मागाचं एक टोक खांबाला आणि दुसरं कमरेला बांधून विणतात. नक्षीवरून गाव ओळखता येतं. हे मी रंगून सांगत होतो, तेव्हा इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक असलेले एक स्नेही म्हणाले, "अहो, तळं आणि विणकर भिवंडीतही आहेत. गेलात कधी?"

मग दोघंही निघालो. मुक्कामाची खोली महामार्गालगत मिळाली. कंटेनरांनी रात्रभर झोपू दिलं नाही, चादरही दमट. सकाळी कामतघरचा वऱ्हाळा तलाव पाहिला, देवीला नमस्कार केला. सरांची ओढ लोनाडकडे. तिथली लेणी भराभर उरकून ते शिलाहार राजा केशिदेवाच्या, शके ११६१ च्या दानलेखावर बोलत राहिले. "भिवंडीचा इतिहास हा. बाकी सगळं ऐकीव."

मला ते पटेना. गावात परतलो तर गल्लीगल्लीत यंत्रमागांची खडखड. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर आग्रा रोडनं इथवर आले. विलायती कापडानं त्यांचे हातमाग बंद पाडले होते, त्यात उठावानंतरची धरपकड. पुढे तेलंगणातून पद्मशाली आले, त्यांचं पद्मानगर झालं. विसाव्या शतकात वीज आली आणि मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग इथे येऊ लागले. १९८२ च्या गिरणी संपानंतर तर कामच इकडे वळलं.

एका कारखान्यात शिरलो. धोटा इकडून तिकडे आपटत होता, कांडी संपली की कामगार ती क्षणात बदलत होता. मागाच्या बिडाच्या चौकटीवर इंग्रजी अक्षरं होती: विलायतेतल्या लँकेशायरच्या कारखानदाराचं नाव. ज्या मुलखाच्या कापडानं यांच्या पणजोबांना देशोधडीला लावलं, त्याच मुलखाच्या मागावर पणतू विणतोय! मी सरांच्या कानाशी ओरडलो, "हा घ्या लेख!"

"यात विणकर कुठाय?" ते ओरडले.

प्रश्न खरा होता. मी गप्प झालो. लोनाडला पुन्हा जायचं ठरलं होतं, ते राहिलं. संध्याकाळपर्यंत आम्ही चहाच्या टपऱ्यांवर म्हाताऱ्या विणकरांना एकच विचारत होतो: घराणं मूळचं कुठलं? मऊ, आझमगड, फुलपूर. तिसऱ्या नावाला सरांनी वही काढली.