दारूचे उन्हाळे

अमेरिकेत रायफलीची काडतुसं घरी भरणाऱ्या माणसाच्या तळघरात गेलं, की आधी एक जड लाकडी टेबल दिसतं. त्यावर बोल्टने आवळलेला प्रेस, बाजूला लहानसा तराजू आणि वर फळीवर ओळीने दारूचे डबे. दारू अर्थात बंदुकीची. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या जमवायच्या, साफ करायच्या, प्रेसमध्ये दाबून मूळ मापात आणायच्या, बुडाला नवी टोपी बसवायची, तोलून दारू ओतायची आणि तोंडात गोळी बसवायची. याला तिथे रीलोडिंग म्हणतात. कुणी पैसे वाचवायला हे करतो, तर कुणी आपल्याच रायफलीला मानवेल असं काडतूस हवं म्हणून. एका पौंडात 7000 ग्रेन होतात. .30-06 च्या एका काडतुसाला साधारण 50 ग्रेन दारू लागते. म्हणजे एक पौंडाचा डबा जेमतेम 140 काडतुसांना पुरतो, आणि हौशी माणसाला तो संपवायला एखाददुसरं वर्ष सहज लागतं. आठ पौंडाचा घेतला तर विचारायलाच नको.

म्हणून या मंडळींत एक प्रश्न सतत फिरतो: ही दारू अजून चालेल का?

औषधाच्या बाटलीवर असते तशी मुदत या डब्यावर छापलेली नसते, लॉट नंबर तेवढा असतो. नवखा माणूस दारू कधी घेतली ते विचारतो. मुरलेला माणूस ती कुठे ठेवली होती ते विचारतो, आणि त्याचंच बरोबर आहे. या दारूचं वय वर्षांत मोजण्यात फारसा अर्थ नाही, तिने किती उन्हाळे कसे काढले ते पाहावं लागतं.

त्याचं कारण तिच्या घडणीत आहे. आजच्या रायफलीची दारू मुळात नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नत्राम्लाची प्रक्रिया केलेला कापूस किंवा लाकडाचा लगदा. काही प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही असतं. हा पदार्थ तयार झाल्या दिवसापासून अगदी सावकाश विघटित होत असतो. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडतात, ओलाव्याशी मिळून आम्ल बनवतात आणि ते आम्ल पुढचं विघटन आणखी वाढवतं. दुधाला विरजण लागावं तसं हे आहे: एकदा लागलं की थांबत नाही, आणि उष्म्यात जास्तच भराभर होतं. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढलं की विघटनाचा वेग दुपटीच्या आसपास जातो. फिनिक्सच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला डबा आणि मिनेसोटातल्या गार तळघरातला डबा एकाच दिवशी विकत घेतलेले असले, तरी पंधरा वर्षांनी ते एका वयाचे राहत नाहीत.

हे गणित फ्रान्सच्या नौदलाला फार महागात पडलं. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने 1884 मध्ये पहिली व्यवहारात उतरलेली धूरविरहित दारू तयार केली. तिचं नाव पूद्र बे. काळ्या दारूच्या धुराने आंधळ्या होणाऱ्या फौजांना ती वरदान वाटली, आणि मग युद्धनौकांच्या कोठारांत ती भरभरून साठवली गेली. 12 मार्च 1907 रोजी तुलाँच्या सुक्या गोदीत उभी असलेली इएना ही युद्धनौका कोठारातल्या स्फोटांनी फाटली. शंभराहून अधिक माणसं गेली. चौकश्या झाल्या, वाद झाले, नौदलमंत्र्याला जावं लागलं. तरी 25 सप्टेंबर 1911 ला त्याच तुलाँच्या बंदरात लिबेर्ते ही युद्धनौका उडाली आणि तिच्या मृतांचा आकडा दोनशेच्या वर गेला. दोन्ही वेळा बोट दाखवलं गेलं ते कोठारात बिघडलेल्या दारूकडे.

यातून डायफिनाइलअमाइन हे स्थिरक रसायन पक्कं रुजलं. दारूत ते जेमतेम एक टक्का असतं. विघटनातून सुटणारी ऑक्साइडं ते स्वतःशी बांधून घेतं, त्यामुळे आम्लाची साखळी सुरूच होत नाही. पण बांधता बांधता ते स्वतः संपत जातं. लष्कराचं सगळं लक्ष असतं ते या उरलेल्या साठ्यावर. अमेरिकी लष्कर प्रत्येक लॉटचे नमुने 65.5 अंशांवर ठेवून तांबूस धूर कधी निघतो ते पाहतं, आणि स्थिरक 0.2 टक्क्यांच्या खाली गेलं की लॉट नष्ट करतं. तळघरातल्या माणसाकडे असली प्रयोगशाळा नाही. त्याला नाक, डोळे आणि अक्कल यांवरच भागवावं लागतं.

पण घाबरून दोन वर्षांचे डबे फेकायचीही गरज नाही, हे ब्रूस हॉजडनच्या गोष्टीवरून कळतं. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सरकारकडे दारूचे डोंगर पडून होते. कॅन्ससच्या हॉजडनने आयुर्विम्यावर कर्ज काढून 50 हजार पौंड 4895 दारू उचलली, एका जुन्या मालडब्यात ठेवली आणि मासिकात इंचभर जाहिरात दिली. 150 पौंडांचा भाव होता 30 डॉलर! पुढे 20 मिलिमीटर तोफांसाठी बनलेली 4831 दारूही त्याने अशीच विकली. युद्धात बनलेल्या या दारूवर शिकारी आणि नेमबाजांनी पुढे वर्षानुवर्षं काडतुसं भरली. जुन्या शस्त्रांच्या शौकिनांकडे तर अजून .303 ची काडतुसं निघतात. त्यांच्या बुडावर के एफ अशी अक्षरं उमटवलेली असतात. तो पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचा ठसा.

उलट बाजूही आहे. हॉजडनच्याच छत्राखालच्या आयएमआर या ब्रँडच्या 4007 एसएससी या दारूचे काही लॉट काही वर्षांपूर्वी बाजारातून परत मागवावे लागले. ती दारू लवकर बिघडू शकते आणि आग लागू शकते, असं कंपनीनेच जाहीर केलं. सूचना सोपी होती: वापर थांबवा आणि डब्यात पाणी भरा. तेव्हा डबा नवा आहे म्हणून डोळे मिटू नयेत.

तपासणी करायची ती अशी. डबा उघडल्या उघडल्या पहिला वास घ्यावा. चांगल्या दारूला ईथर आणि स्पिरिटसारखा हलका वास असतो, कारण बनवताना वापरलेल्या द्रावकाचा अंश तिच्यात राहतो. बिघडलेलीचा वास आंबूस आणि नाकात झोंबणारा, तो घेणाऱ्याला शंका उरत नाही. मग चिमूटभर दारू पांढऱ्या कागदावर पसरावी. दाणे कुठे बारीक कांड्यांसारखे, कुठे गोल, कुठे चकत्यांसारखे असतात. ग्राफाइटच्या लेपामुळे ते करडे, चकचकीत आणि सुटे दिसायला हवेत. कागद तिरका करून दाणे ओघळू द्यावेत. मागे तांबूस भुकटी राहिली, तर तपासणी संपली. जुन्या पत्र्याच्या डब्यात ही भुकटी गंजाची की दारूची, असा वाद लोक स्वतःशीच घालतात. तो घालू नये, डबा बाद करावा. भरून ठेवलेल्या काडतुसांत दारू बिघडली तर पितळ आतून खाल्लं जातं आणि मानेशी हिरवट डाग किंवा चिरा दिसतात.

साठवणीच्या बाबतीत सर्वांत शहाणा वाटणारा विचारच चुकीचा निघतो. दारू धोक्याची, म्हणून तिला जाड पोलादी तिजोरीत कोंडावं, असं कुणालाही वाटेल. पण धूरविरहित दारू उघड्यावर पेटली तर जोराने जळते, स्फोट होत नाही. कोंडलेल्या जागी मात्र वायूला वाट मिळत नाही, दाब चढतो आणि तिजोरीचाच बॉम्ब होतो. म्हणूनच कारखान्याचे डबे मुद्दाम कमजोर असतात, थोड्याशा दाबाने उकलतील असे. अमेरिकेतल्या एनएफपीए 495 या मानकानुसार घरात 20 पौंडांपर्यंत दारू मूळ डब्यांत ठेवता येते. त्यापुढे 50 पौंडांपर्यंत ती लाकडी पेटीत किंवा कपाटात हवी आणि फळ्या किमान एक इंच जाडीच्या हव्यात. लाकूड आतल्या दारूला बाहेरच्या आगीपासून काही काळ वाचवतं आणि वेळ आलीच तर फुटून वाट देतं. काचेची बरणी तर चुकूनही नको. दिसायला छान, पण उन्हाला आत घेते आणि फुटली तर तुकडे उडवते.

काळ्या दारूची जात वेगळी. सोरा, कोळसा आणि गंधक यांचं ते निव्वळ मिश्रण. कोरडी ठेवली तर पिढ्यान् पिढ्या टिकते, पण एका ठिणगीनेही लगेच पेट घेते आणि ती खऱ्या अर्थाने स्फोटक. 1751 साली सिंहगडावरच्या दारूकोठारावर वीज पडली, तेव्हा गडावरच्या फडणिसांचं घर माणसांसकट गेलं. दोन्ही दारू एका फळीवर ठेवणारा माणूस काटकसरी नाही, बेफिकीर आहे. घरात पौंडांनी दारू ठेवायची मोकळीक अमेरिकेतली आहे, हेही इथल्या वाचकाने ध्यानात घ्यावं. आपल्याकडे स्फोटकांचा कारभार 1884 च्या कायद्याखाली चालतो आणि तो पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे.

रोजच्या कामात दारू बिघडण्यापेक्षा तिची ओळख हरवण्याची भीती जास्त. दारू मोजून सोडणाऱ्या यंत्राला वर प्लॅस्टिकची नळी असते. काम अर्धवट टाकून माणूस जेवायला जातो, फोन येतो, आठवडा उलटतो. नायट्रोग्लिसरीन असलेली दारू एवढ्यात त्या नळीला पिवळट, धुरकट करून टाकते. त्याहून वाईट म्हणजे आत कोणती दारू होती हेच आठवत नाही. पिस्तुलाची जलद जळणारी दारू आणि रायफलीची संथ दारू नजरेला सारखीच वाटू शकते, पण रायफलीच्या मापाने पिस्तुलाची भरली तर रायफल फुटते आणि नेमबाजाचा चेहरा तिच्या अगदी जवळ असतो. त्यामुळे टेबलावर एका वेळी एकच डबा असावा, काम झालं की उरलेली दारू त्याच डब्यात परत जावी आणि झाकण घट्ट लागावं. झाकण सैल राहिलं तर कोरड्या हवेत दारू आपला ओलावा सोडते, जास्त वेगाने जळते आणि जुन्या मापानेही दाब वाढतो.

बिघडलेली दारू कचऱ्याच्या पिंपात टाकायची नाही. उत्पादकांच्या संघटनेची शिफारस आहे, की ती वस्तीपासून दूर, उघड्यावर, एक इंचाहून कमी जाडीच्या थरात आणि एका वेळी पौंडाच्या आत जाळावी. पेटवणाऱ्याला लांब जायला वेळ मिळेल अशा संथ वातीनेच ती पेटवावी. जागा नसेल तर डब्यात पाणी भरून स्थानिक अग्निशमन दलाला विचारावं.

अमेरिकेत एखादा म्हातारा रीलोडर गेला, की घरचे लोक त्याचं सामान अंगणात मांडून विकतात. त्यात अर्धे भरलेले डबे हमखास असतात, दोन-तीन डॉलरला. तिथल्या मराठी नेमबाजांना एवढंच सांगणं: प्रेस घ्या, तराजू घ्या, पुंगळ्या पाहून घ्या. सील तुटलेला दारूचा डबा मात्र फुकट दिला तरी घेऊ नका.