काखेतला कळसा

चियांग रायला निघालेल्या जालनेकराला ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ असं ऐकवावं की नाही, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. ऐकवणाऱ्याची बाजू भक्कम आहे. थायलंडच्या उत्तर टोकाला, म्यानमार आणि लाओसच्या सीमेला लागून हा डोंगराळ प्रांत आहे. तिथे देवळं आहेत, अखा, लाहू, लिसू, करेन अशा डोंगरवासी जमाती आहेत, उतारांवर चहा-कॉफीचे मळे आहेत. इकडे जालना जिल्ह्याच्या उत्तर अंगाला अजिंठ्याची रांग आहे. भोकरदन तालुक्यातल्या अन्व्याला बाराव्या शतकाच्या आसपासचं शिवालय आहे. गाभाऱ्यात महादेव आणि बाहेरच्या भिंतींवर विष्णूच्या शक्तिरूपांच्या स्त्रीमूर्ती, असा विरळा मेळ तिथे आहे. राजूरचा गणपती टेकडीवर आहे, अंगारकीला रात्रभर चालत माणसं तिथे पोचतात. जाळीचा देव हे महानुभावांचं ठाणं तर थेट डोंगरातच, बुलढाण्याच्या शिवेवर. आणि खुद्द भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, सातवाहनांच्या काळातलं नांदतं नगर. डोंगर, देऊळ, वेगळी माणसं आणि इतिहास हे सगळं इथे असताना साडेतीन हजार फूट उंचीवरचं तिकडचं धुकं कशाला बघायचं, असं विचारणाऱ्याला तडकाफडकी उत्तर देता येत नाही.

सोपं उत्तर सोयींचं आहे. तिकडे रस्ते, हॉटेलं, इंग्रजी पाट्या. २०२३च्या नोव्हेंबरात भारतीयांना व्हिसाची अटही थायलंडने काढून टाकली. इकडे अन्व्याला धड चहाची टपरी शोधावी लागते. पण हे उत्तर मला पुरत नाही. वेरूळ आणि अजिंठा जालन्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहेत, तिथे रस्तेही आहेत आणि पाट्याही; तरी बहुतेकांचं तिकडे जाणं शाळेच्या सहलीत एकदा आणि पाहुणे आले की एकदा, एवढंच. सोयी हे कारण असतं तर सोयी असलेली जागा तरी गाठली गेली असती. म्हणजे म्हणीकडे परत यावं लागतं, आणि म्हण नीट तपासली की तीच डळमळू लागते. तिचा आरोप विसराळूपणाचा आहे: वस्तू स्वतःपाशीच आहे, ध्यान नाही, म्हणून पायपीट. पण भरलेला कळसा काखेत आहे हे कुणी विसरतं का? तो खाली ओढतो, अंग भिजवतो, चाल बदलतो. विसरला जातो तो रिकामा कळसा. आणि रिकामा कळसा घेऊन गावाला वळसा घालणारी बाई मराठवाड्यात वेडी ठरत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात जालना शहरालाच टँकरची वाट बघावी लागली होती, खेड्यांची तर गोष्टच नको. रिकामा कळसा काखेत आहे म्हणूनच वळसा घालावा लागतो, हा अर्थ म्हण रचणाऱ्याच्या मनात नसेल, पण तो तितकाच खरा आहे. मग जवळचं ते आपण विसरतो की जवळचं ते आपल्याला रिकामं वाटतं? मला तिसरंच वाटतं. जवळचं ते भरलेलं असतं, त्याचं वजन आपल्याला पुरतं ठाऊक असतं, आणि सुट्टीत ते उचलायची तयारी नसते.

चियांग रायमध्ये हे वजन उचलावं लागत नाही. ते तिथे नसतं असं मात्र नाही. हे नगर राजा मंगराय याने १२६२ मध्ये वसवलं. बँकॉकच्या राजवाड्यात आज पुजली जाणारी पाचूची बुद्धमूर्ती याच नगरातल्या एका स्तूपात १४३४ मध्ये सापडली, असं तिथली परंपरा सांगते. पण प्रवासी ज्या शुभ्र देवळाचे फोटो काढतो ते वाट रोंग खुन १९९७ मध्ये खुलं झालं. चालेर्मचाय कोसितपिपात या हयात चित्रकाराची ती निर्मिती आहे, आणि तिच्या भित्तिचित्रांत सिनेमातले अतिमानवही आहेत. अन्व्याच्या देवळापेक्षा ते सुमारे आठशे वर्षांनी धाकटं आहे, याचं कुणाला काही वाटत नाही. वाटायचं कारणही नाही. डोंगरांचंही तसंच. दोई तुंगच्या उतारांवर एके काळी अफू पिकायची. १९८८ मध्ये राजमाता श्रीनगरिंद्रा यांनी वयाच्या ऐंशीनंतर तिथे प्रकल्प उभा केला. जंगल पुन्हा लावलं, अफूच्या जागी कॉफी आणि मॅकाडेमिया आणली, गावकऱ्यांना विणकाम-कुंभारकामाचे कारखाने दिले. प्रवाशाच्या कपात येते ती कॉफी या सगळ्यातून आलेली असते, पण कप हातात घेताना ते ठाऊक असण्याची सक्ती नसते. गळ्यात पितळी कड्यांची चळत घातलेल्या कायान स्त्रिया तर मूळच्या म्यानमारच्या. तिथल्या लढाईतून पळून आलेल्या निर्वासितांच्या त्या लेकी-सुना. तिकीट लावून दाखवल्या जाणाऱ्या वस्त्यांमध्ये त्यांना बसवण्यात आलं. दुसऱ्या देशांनी त्यांच्यापैकी काही कुटुंबांना आसरा देऊ केला, तर थायलंड त्यांना बाहेर पडू देत नाही, अशी तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने २००८ मध्ये उघडपणे केली. फोटोत हे काही येत नाही. फोटोत पितळ चमकतं.

आता हेच डोळे जालन्यात आणू. मंठा, परतूर, घनसावंगी या भागांत माळांवर बंजाऱ्यांचे तांडे आहेत. जुन्या पिढीतल्या बाईच्या अंगावर आरसे-कवड्या जडवलेली फेटिया-कांचळी, केसांत घुगरी, मनगटापासून वर चढत गेलेल्या बलिया. गोरबोली स्वतंत्र, सेवालाल महाराजांची भक्ती स्वतंत्र, होळीचे लेंगी स्वतंत्र. पर्यटनाच्या पुस्तकाला हवी असलेली एकही गोष्ट इथे कमी नाही. पण ही बाई आपल्याला दिसते ती दिवाळीनंतर, ऊसतोडीला निघालेल्या ट्रकवर, भांडी-गोधड्या आणि लेकरांच्या मधे. मुकादमाकडून घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ असा हिशेब, लेकरांची बुडालेली शाळा, हे जालन्यातल्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही तोंडपाठ आहे. शिवाय ती नुसती दिसत नाही, ती आपल्या हिशेबातही आहे: तिच्या कष्टाची साखर आपल्या चहात आहे, तिच्या तांड्याची मतं आपल्या आमदाराच्या बेरजेत आहेत, तिच्या आरक्षणाच्या मागणीवर आपल्या घरात मतं आहेत. इंग्रजी अमदानीत ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का बसला त्यांत बंजारेही होते. १९५२ मध्ये तो शिक्का मारणारा कायदा गेला आणि महाराष्ट्रात ते ‘विमुक्त’ झाले. तोच समाज तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती. डोंगरवासी कोण, आदिवासी कोण, हे डोंगर ठरवत नाही, कचेरीतलं रजिस्टर ठरवतं; थायलंडमध्येही १९५९ मध्ये सरकारने डोंगरी जमातींसाठी समिती नेमली आणि यादीतल्या जमाती मोजायला सुरुवात झाली. अनेकांना नागरिकत्वाच्या कागदासाठी पिढ्यान् पिढ्या थांबावं लागलं. अखा बाईच्या टोपीवरची चांदीची नाणी बघताना हे रजिस्टर आपल्याला दिसत नाही, कारण ते आपल्या भाषेत नाही. तांड्यावरचं रजिस्टर मात्र आपल्याच भाषेत आहे. चियांग रायचं आकर्षण, मला वाटतं, या न दिसण्यात आहे. तिकडे डोळ्यांना सुट्टी मिळते ती देखाव्यामुळे जितकी, तितकीच अज्ञानामुळे.

यावर आक्षेप येईल, आणि तो मला टाळता येत नाही. अज्ञानाने बघणं हे पाप आहे का? प्रवाशाच्या पैशावर दोई तुंगच्या गावांत घरं उभी राहिली, मुलं शिकली. प्रत्येक पाहुण्याने आधी निर्वासितांचा कायदा वाचून यावं, अशी अट घातली तर कुणी येणार नाही आणि कॉफीही विकली जाणार नाही. पण माझी खरी अडचण करतं ते भोकरदन. १९७३ साली शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केलं. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुटका भाग मिळाला, आणि त्याचं साम्य निघालं ते थेट पाँपेईशी. व्हेसुव्हियसच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या त्या रोमन शहरात १९३८ मध्ये एका घरातून वीतभर उंचीची भारतीय हस्तिदंती बाई निघाली होती; आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता बरेचजण यक्षी म्हणतात. ती घडली भोगवर्धनातच, असंही छातीठोक म्हणता येत नाही. पायथ्याशी खरोष्ठीचं एक अक्षर कोरलेलं आहे, त्यावरून काहीजण वायव्येकडे बोट दाखवतात. पण अशा मूर्ती घडवणारे हात भोकरदनला होते, एवढं त्या तुटक्या तुकड्यावरून मानायला जागा आहे. पाँपेईच्या बाईला अंगभर दागिने, घोट्यांवर जड वाळे, हातांवर बांगड्यांची चळत. (बलियाही पूर्वी हस्तिदंताच्या असत, यातून काही सिद्ध होत नाही, पण डोक्यातून जातही नाही.) पाँपेईतल्या घरधन्याला तिचं नाव ठाऊक असेल का? ती देवी की नर्तकी, तिच्या गावाला पाणी कुठून येतं, हस्तिदंत कोरणाऱ्याला मजुरी काय मिळाली? त्याने ती मेजाच्या शोभेला किंवा आरशाची मूठ म्हणून घेतली असेल. म्हणजे अनोळखी नजरेसाठी स्वतःला देखणं करून विकण्याचा धंदा जालन्याला नवा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी तो इथे चालू होता, आणि आपण त्याचा अभिमान बाळगतो, पाठ्यपुस्तकात छापतो. मग अखा बाईने चांदीची टोपी घालून फोटोला उभं राहावं यावर मी नाक का मुरडावं?

याहून पुढची गंमत म्हणजे भोगवर्धनाची माणसं स्वतःही लांब जात होती. सांचीच्या आणि भरहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांचे जे लेख आहेत त्यांत भोगवर्धनाचं नाव येतं. तो काळ साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांचा. अजिंठ्यातली सर्वांत जुनी लेणी जवळपास त्याच काळात खोदली जात होती, आणि अजिंठा भोकरदनपासून फार लांब नाही. तरी पुण्य करायला यांनी विंध्य ओलांडला. काखेत अजिंठा आणि सांचीला वळसा! अर्थात त्यांच्याकडे कारण होतं: व्यापाराची वाट तिकडून जात होती, आणि मोठ्या स्तूपावर आपल्या गावाचं नाव कोरलं जाण्याची हौसही असेल. ती हौस आणि आजची शुभ्र देवळासमोरची सेल्फी यांत अंतर किती, ते मला सांगता येणार नाही. दान देणाऱ्याने मागे काही ठेवलं, सेल्फी काढणारा घेऊन येतो, असं म्हणून सुटता येईल. पण तिकीट, कॉफी आणि विणलेली शाल यांचे पैसे तोही मागे ठेवतोच की.

उरले महानुभावांचे चक्रधर. जाळीच्या देवाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. परंपरा त्यांना गुजरातेतल्या भडोचचे मानते. म्हणजे ते स्वतः परप्रांतातून आलेले, तेराव्या शतकातला मराठवाडा आणि वऱ्हाड पायी फिरलेले. आणि तरी त्यांनी शिष्यांना बजावलं की कानडी मुलखात जाऊ नये, तेलुगू मुलखात जाऊ नये, महाराष्ट्रात राहावं. कारण दिलं ते असं की ते देश विषयांनी भरलेले आहेत. आजच्या भाषेत सांगायचं तर तिथे बघण्याजोगं फार आहे, म्हणून जाऊ नका. पर्यटन खात्याच्या नेमकं उलट. पण याच्या जोडीला त्यांचा दुसरा आग्रह होता, तो असा की संन्याशाने ओळखीच्या माणसांत राहू नये; जिथे आपला संबंध नाही तिथे जावं, देशाच्या कडेला, झाडाखाली, कुणाच्या ध्यानात न येता दिवस काढावेत. हे दोन नियम एकत्र ठेवले की विचित्र गाठ पडते. देश सोडायचा नाही, पण ओळख सोडायची. वळसाही नको आणि काखेतल्या कळशाचा टेंभाही नको. माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे असावं, असं काही काळ मला वाटत राहतं: जवळच्या डोंगरात अनोळखी होऊन जायचं. अन्व्याच्या भिंतीवरच्या स्त्रीमूर्तींकडे अशा नजरेने बघता येईल, दगडाची त्याला हरकत नसते. राजूरच्या वाटेवर रात्रीच्या गर्दीत तर माणूस आपोआप अनोळखी होतो. पण तांड्यावर अनोळखी होऊन जाणं म्हणजे काय? उचल, कोयता, साखर आणि रजिस्टर यांची ओळख दारात काढून ठेवायची आणि फेटियावरचे आरसे बघायचे. चियांग रायला जाणाऱ्याला जी सूट अंतरामुळे मिळते तीच मी घरबसल्या घ्यायची. संन्याशाला ती घेता येते, कारण त्याने स्वतःचाही हिशेब सोडलेला असतो. सोडण्याआधी देणं फेडलेलं असतं की नाही, हे मात्र तिथेही मला नीट कळलेलं नाही. ओळख ठेवून गेलं तर सहल होत नाही, पाहणी होते, आणि पाहणी करणाऱ्यांच्या गाड्या तांड्यावर निवडणुकीच्या आणि दुष्काळाच्या साली येतातच. त्यांच्यापेक्षा शंभर बाहत देऊन टोपीवरची नाणी बघणारा परका बरा, असं त्या तांड्यावरची एखादी म्हातारी म्हणाली, तर माझ्यापाशी तिला उत्तर नाही.