कुंभार्ली घाटात क्लच सुटतो तेव्हा

चिपळूणहून कराडला निघालात की सुरुवातीला रस्ता अगदी साळसूद वाटतो. शिरगाव मागे पडतं, पोफळी येते आणि मग सह्याद्री समोर आडवा उभा! इथून कुंभार्ली घाट सुरू. वर हेळवाककडे तुम्ही चढतच राहता.

याच डोंगराच्या पोटात एक गंमत चालू असते. कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेकडे वाहायचं, कराडला कृष्णेला मिळायचं आणि पार बंगालच्या उपसागरात जायचं. पण त्यातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला खाली सोडतात, त्यावर वीज तयार करतात आणि ते वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळतं. पाणी उतरताना वीज देतं, आपण मात्र चढताना पेट्रोल जाळतो!

आता समजा, १०० सीसीच्या मोटरसायकलवर मामा पुढे आणि तुम्ही मागे. पाठीवर सॅक. वळण आलं, मामांनी अ‍ॅक्सिलरेटर पिळला, इंजिन जोरात ओरडलं... आणि गाडी? ती आपली आहे त्याच चालीने! वर जळका वासही येतोय. मेकॅनिक याला म्हणतात, ‘क्लच स्लिप मारतोय.’ सपाट रस्त्यावर हे दुखणं महिनोन्‌महिने लपून राहतं. घाट मात्र ते पहिल्या दोन वळणांतच चव्हाट्यावर आणतो.

असं का होतं? इंजिनाची ताकद गिअरकडे आणि तिथून चाकाकडे जाते ती क्लचमधून. उजव्या बाजूच्या झाकणाआड गोल चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. एक साध्या पोलादाची, एक घर्षणाचं अस्तर लावलेली. स्प्रिंगा त्यांना सतत घट्ट दाबून धरतात, म्हणून सगळ्या एकत्र फिरतात. डाव्या हातातली लिव्हर दाबली की दाब सुटतो, बस्स. अस्तर झिजलं किंवा स्प्रिंगा ढिल्या पडल्या की चकत्या एकमेकींवरून घसरू लागतात. दोन साबणाच्या वड्या एकमेकींवर घासून बघा, म्हणजे कळेल.

पण थांबा! लगेच प्लेटा बदलायला सांगू नका. आधी गाडी कडेला, सुरक्षित जागी घ्या आणि लिव्हर हलवून पाहा. केबल ताणली जाण्याआधी लिव्हरचं टोक साधारण १० ते २० मिलिमीटर सैल हललं पाहिजे. मेकॅनिक याला ‘प्ले’ म्हणतात. प्ले अजिबात नसेल, तर कुणीतरी क्लच सतत थोडा दाबून धरल्यासारखंच झालं की! केबलचा नट फिरवून प्ले द्या. पुष्कळदा दुखणं तिथेच संपतं आणि खिशातले पैसे खिशात राहतात.

दुसरा संशयित ऑइल. या प्लेटा इंजिनऑइलमध्येच बुडालेल्या असतात. कुणी मोटारीचं जास्त बुळबुळीत ऑइल भरलं असेल, तरी क्लच घसरतो. मोटरसायकलच्या ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ असा शिक्का शोधा.

हे दोन्ही ठीक आणि तरीही स्लिप? मग प्लेटाच गेल्या. आता मामांना निक्षून सांगा: ट्रकला ओव्हरटेक करायचं नाही. ऐन वेळी वेग मिळालाच नाही तर समोरून एसटी येते! उतारावरही सावध राहा, कारण इंजिन गाडीला जेवढं आवरून धरतं तेवढं धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. हाफ क्लचवर रेटू नका. अधूनमधून थांबून गाडी थंड करत, हळूहळू पाटण गाठा.

तिथे गॅरेजमध्ये काम सुरू झालं की चहाच्या नादात बाहेर जाऊ नका, बघत उभे राहा. आधी ऑइल काढतात. मग किक काढतात आणि उजवं झाकण उघडतात. स्प्रिंगांचे बोल्ट (बहुतेक १०० सीसी गाड्यांत चार) समोरासमोरचे, थोडेथोडे करून सैल करायचे. एकच पूर्ण काढला तर प्लेट तिरकी होते. प्लेटा निघतील त्या क्रमाने कागदावर मांडायच्या. अस्तराची जाडी व्हर्नियरने मोजतात. शाळेतला तो कंटाळवाणा व्हर्नियर इथे भाव खाऊन जातो! पोलादी प्लेट निळी पडली असेल तर ती तापून गेली आहे, असं समजा. काचेवर ठेवून ती डुगडुगते का तेही पाहा. वाकडी असेल तर तीही बदलायची. नव्या प्लेटा बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवतात. कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच करपतात, म्हणून घाई करणाऱ्याला इथे जरूर टोका. स्प्रिंगांची लांबी मोजायला लावा. आखडलेली स्प्रिंग नव्या प्लेटाही फुकट घालवते. मग नवं पॅकिंग, झाकण, ताजं ऑइल आणि शेवटी पुन्हा लिव्हरचा प्ले.

आणि हो, हे सगळं कळलं म्हणून किल्ली मागू नका हं! गिअरच्या मोटरसायकलचं लायसन्स वयाच्या १८ व्या वर्षी मिळतं. तोवर चाचणीला मामांच्या मागे बसा. कराडच्या रस्त्याला नको, परत कोयनानगरच्या चढाला घ्या. वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर आवाज आणि वेग दोन्ही बरोबरीने वाढले, तर मेकॅनिकचे पैसे खुशाल चुकते करा.