न घडलेल्या अपघाताची तक्रार

सारे सुरळीत चाललेले असताना ‘हे एक दिवस अंगाशी येणार’ असे बजावणारी माणसे कुणाला आवडतात? मलाही नाही. पण पोटासाठी मी ज्या धंद्यात पडलो, तिथे नेमक्या अशाच एका पहारेकऱ्यावर माझा जीव जडला आहे.

त्याचे नाव लॉकडेप. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, इंगो मोलनार या हंगेरियन प्रोग्रामरने त्याला 2006 साली आणून बसवले.

त्याचे काम घरगुती भाषेत सांगतो. समजा, कपाट उघडून तुम्ही हिशेब करीत बसला आहात. घराचा नियम असा, की एकाचे काम संपून कपाट बंद होईपर्यंत दुसऱ्या कामासाठी त्याला हात लावायचा नाही. इतक्यात दारावरची घंटा वाजते. घंटा वाजली की हातातले टाकून धावायचे, हा दुसरा नियम. आणि पाहुण्याला हवी असते नेमकी त्या कपाटातली वस्तू! कपाट बंद झाल्याशिवाय ती देता येत नाही, पाहुण्याची बोळवण केल्याशिवाय कपाटापाशी परतता येत नाही. झाले! उभे राहा जन्मभर दारात. कपाटाचे कुलूप म्हणजे आमचा लॉक, घंटा म्हणजे इंटरप्ट; आणि यंत्र गोठते ते असे. उपाय एकच : असले कपाट उघडण्याआधी घंटा बंद करावी.

लॉकडेप अपघाताची वाट पाहत नाही. हे कुलूप सकाळी पाहुण्यासाठी उघडले होते आणि संध्याकाळी घंटा चालू ठेवून उघडले, एवढ्या दोन नोंदी जुळल्या की तो ओरडतो.

एकदा रुग्णाच्या खाटेशी ठेवायच्या यंत्राचे काम आमच्याकडे होते. माझा तरुण सहकारी म्हणाला, “सर, तीन आठवडे एकदाही अडकलं नाही. हा उगीच ओरडतोय.”

मी म्हटले, “घंटा अजून नको त्या क्षणी वाजली नाही, एवढंच.”

त्याने शोधून ती ओळ बदलली. यंत्र पुढेही चालतच राहिले. टळलेल्या संकटाची बातमी होत नाही.

पण माझा जीव जडला तो दुसऱ्याच गुणावर. घंटा चालू की बंद, याची खूण प्रोसेसरमध्ये असते. लॉकडेप मात्र स्वतःची वही ठेवतो. कुणी त्याला न कळवता घंटेचे बटन फिरवले, तर वही एक सांगते आणि भिंतीवरचे बटन दुसरेच. म्हणून तशी सोय चालू ठेवली, तर तो वही बटनाशी ताडून पाहतो. मेळ बसला नाही की तेवढे सांगतो, आणि यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत तोंड मिटून बसतो.

दुसऱ्याच्या चुका दाखवणारे मला उदंड भेटले. आपली वही खोटी ठरल्यावर गप्प बसणारा हा एकच.